धोंडूचा मृत्युपूर्व जबाब

मरणाऱ्या माणसानं निदान स्पष्ट बोलावं, ही अपेक्षा काही फार मोठी नाही. धोंडूनं ती पुरी केली नाही, आणि त्यापायी सिडकोतल्या जयराम गांगुर्डे सरांना आठवडाभर जे भोगावं लागलं, ते खुद्द धोंडूलाही भोगावं लागलं नसेल. तो लगेच मेला.

धोंडू हा टीव्हीवरचा नोकर. शहाऐंशी साली दर रविवारी सकाळी साडेनऊला 'सत्रह नंबर कोठी' नावाची हिंदी मालिका लागायची, तेरा भागांची. पहिल्याच भागात कोठीच्या मालकाचा खून झाला आणि पुढचे दहा भाग एक इन्स्पेक्टर सिगारेट ओढत सगळ्यांकडे संशयानं बघत राहिला. धोंडू त्याला चहा आणून द्यायचा. हिंदी मालिकेत चहा आणून देणारा माणूस मराठी असायचा, हा त्या काळचा रिवाजच होता. त्याबद्दल कुणाची काही तक्रार नव्हती, निदान बाराव्या भागापर्यंत तरी नव्हती.

सरांच्या दोन खोल्यांच्या घरात ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही होता आणि मालिका बघायला आजूबाजूचे लोक तिथंच जमायचे. टीव्हीशेजारच्या लोखंडी खुर्चीत सर बसत. ते मालिका बघत नसत, समजावून सांगत. प्रत्येक वाक्य दोनदा व्हायचं, एकदा टीव्हीतून आणि एकदा सरांच्या तोंडून, आणि सरांचं जास्त मोठ्यानं. लोकांना हिंदी अगदीच कळत नव्हतं असं नाही. अंबडच्या कारखान्यात माल उतरवून घेणाऱ्या गोटीरामचा तर फोरमनच कानपूरचा होता. पण ज्याच्या घरचा टीव्ही आणि ज्याच्या घरचे पोहे, त्याचं भाषांतरही ऐकून घ्यावं, एवढी माणुसकी त्या गल्लीत होती.

शिवाय सर हायस्कुलात वीस वर्षं हिंदी शिकवत होते. शेतमजुराच्या पोरानं मास्तर व्हायचं तर त्याच्या बोलण्यात कानामात्रेची चूक राहता कामा नये, लोक बोट ठेवायला टपलेले असतात, असं त्यांच्या वडिलांनी बजावलं होतं आणि सरांनी ते जन्मभर पाळलं. हिंदीत कशाचं लिंग कोणतं, याबाबत त्यांचा शब्द शेवटचा असायचा. दही पुल्लिंगी, मोती पुल्लिंगी, पोलीस स्त्रीलिंगी. हे शेवटचं त्यांनी एकदा शेजारच्या कोंडाजी निकमांच्या तोंडावर सांगितलं होतं. कोंडाजी हे पस्तीस वर्षं नोकरी करून रिटायर झालेले हवालदार. त्यांनी ते लक्षात ठेवलं होतं.

तर त्या रविवारी, बाराव्या भागाच्या शेवटी, कुणीतरी धोंडूच्या पाठीत सुरा खुपसला. इन्स्पेक्टर धावत आला. त्यानं धोंडूचं डोकं मांडीवर घेतलं आणि विचारलं, "बोलो धोंडू, क्या देखा तुमने?"

"साब," धोंडू म्हणाला आणि खोकला. "वो संदूक..." पुन्हा खोकला. खोकल्यातूनच कसाबसा एक शब्द बाहेर पडला, तो खोलीत ऐकू आला तो असा: "संदूक... खाली..." आणि त्यानं मान टाकली. वाद्यं वाजली, पाट्या सुरू झाल्या.

"संदूक रिकामी आहे," सर म्हणाले. "खाली म्हणजे रिकामी. आतला ऐवज खुन्यानं आधीच लांबवलाय. साधं आहे."

सुमनबाई, म्हणजे सरांच्या मंडळी, टीव्हीच्या अगदी पुढ्यात बसल्या होत्या, कारण चित्र हललं की टीव्हीला चापट मारायचं काम त्यांच्याकडे होतं. त्या म्हणाल्या, "अहो, तो काळी म्हणाला."

"अगं, संदूक हिंदीत पुल्लिंगी. काली होऊच शकत नाही. म्हणायचंच असतं तर काला म्हणाला असता."

"आणि वहिनी, ह्या टीव्हीत समदंच काळं," गोटीराम म्हणाला. "हिरवी पेटी दाखवली तरी काळीच दिसणार."

सगळे हसले. सुमनबाई पोह्यांच्या बशा गोळा करायला उठल्या आणि विषय तिथंच संपायला हरकत नव्हती. पण कोंडाजी हवालदार जागचे हलले नव्हते.

"सर," ते म्हणाले, "मयत इसम कुठला?"

"कोण, धोंडू? आता मालिकेतला माणूस, तो कुठला असणार?"

"नाव धोंडू. म्हणजे मराठी. मरताना माणूस आपल्या भाषेत बोलतो. मी पस्तीस वर्षांत बारा-तेरा मृत्युपूर्व जबाब घेतलेत. जबाब मयताच्या शब्दांत घ्यायचा असतो आणि अर्थही मयताचाच धरायचा असतो, पंचांचा नाही. मराठी माणूस खाली म्हणाला म्हणजे खाली. पेटी तळघरात आहे."

"हवालदारसाहेब, मालिका हिंदी आहे."

"मालिका हिंदी आहे. मयत मराठी आहे."

यावर गोटीराम म्हणाला की आम्ही कारखान्यात रोज ट्रक खाली करतो, तो काय तळघरात नेतो का? म्हणजे मराठीतसुद्धा खाली म्हणजे रिकामी होऊ शकते. सरांना वाटलं, आपल्या बाजूनं एक माणूस तरी आला. तेवढ्यात गोटीरामची बायको लताबाई म्हणाली, "पण सर, मग मागं तुम्ही म्हणाला होता, वकील त्या तुरुंगातल्या मुलीचा ताऊ लागतो, ताऊ म्हणजे थोरला काका. आम्ही तर इतके दिवस ताईचा नवरा समजत होतो. नक्की काय हाय ते?"

"थोरला काकाच."

"बघून सांगा एकदा," लताबाई म्हणाली. ती काही वाईट हेतूनं बोलली नव्हती. पण वीस वर्षांत सरांना 'बघून सांगा' असं कुणी म्हटलं नव्हतं, आणि त्या रविवारी सरांना दुपारचं जेवण गेलं नाही.

सोमवारपर्यंत गल्लीत दोन पक्ष पडले. एक रिकामीवाल्यांचा आणि एक खालीवाल्यांचा. पिठाच्या गिरणीत, रॉकेलच्या रांगेत, नळावर, जिथं दोन माणसं उभी राहतील तिथं तिसरा येऊन विचारायचा, तुमचं काय म्हणणं? खुनी कोण याच्याशी कुणालाच देणंघेणं उरलं नव्हतं. रिकामीवाल्यांचे पुढारी गांगुर्डे सर, आणि त्यांच्या पक्षात सकाळी सात माणसं होती ती संध्याकाळी चार झाली, कारण कोंडाजी हवालदार रिकामे होते आणि सरांना शाळा होती. दिवसभर हवालदार ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला मृत्युपूर्व जबाबाचा कायदा समजावून सांगत. त्यात त्यांनी एक नवीनच मुद्दा काढला होता. खाली या शब्दात जर सर चुकत असतील, तर मागच्या अकरा भागांतलं त्यांचं भाषांतर तरी बरोबर कशावरून? म्हणजे आपण पाहिली ती मालिका नेमकी कोणती?

हा प्रश्न फार वाईट होता. लोक मागचं आठवू लागले. इन्स्पेक्टर चौथ्या भागात 'चेष्टा' म्हणाला तेव्हा सर 'प्रयत्न' म्हणाले होते. चेष्टा म्हणजे प्रयत्न? चेष्टेत काढताहेत की काय आपल्याला? तुरुंगातल्या मुलीला 'शिक्षा' द्या असं म्हातारी म्हणाली, तेव्हा सर म्हणाले शिक्षण. तुरुंगात शिक्षा नाही तर काय शिक्षण देतात? हे सगळं हिंदीत अगदी बरोबर होतं. पण जे बरोबर असतं ते पटतंच असं नाही, हे मास्तरकी करणाऱ्या माणसाला सांगायला नको.

मंगळवारी संध्याकाळी गोटीराम आला. हातात त्याच्या मुलीची, झुंबरची, सहामाहीची उत्तरपत्रिका. झुंबर आठवीत सरांच्याच वर्गात होती आणि हिंदीत तिला चौतीस मार्क होते. पस्तीसला पास.

"सर, राग मानू नका," गोटीराम म्हणाला. "हे बघा. 'मांजर खाली बसली' ह्याचं तिनं 'बिल्ली खाली बैठी' केलं. तुम्ही अर्धा मार्क कापला. आता खाली म्हणजे खालीच असंल, तर पोरगी एक पायरी वर सरकती. हाय का नाय?"

"गोटीराम, हिंदीत खाली म्हणजे रिकामी. 'बिल्ली नीचे बैठी' पाहिजे. अहो, कालपर्यंत तुम्ही माझ्या बाजूला होता."

"मी बाजूलाच हाय. पण बाप बी हाय."

सरांनी पेपर हातात घेतला. मांजराच्या त्या ओळीखालीच आणखी एक ओळ लाल शाईनं रंगली होती. 'संदूक काली है.' त्यांनी काली खोडून वर काला लिहिलं होतं, समासात 'लिंग!' असा शेरा मारला होता आणि तिथंही अर्धा मार्क कापला होता. आपली लाल शाई बघून त्यांना जरा धीर आला. मराठी मुलांची ही नेहमीची खोड, मराठीतली ती संदूक हिंदीतही तीच राहते. "ही बघा, इथंही तिचं लिंग चुकलंय," सर म्हणाले. हे त्यांनी बोलायला नको होतं, कारण गोटीरामच्या तोंडावरचं उरलंसुरलं हसू गेलं.

बुधवारी सकाळी मुख्याध्यापक खंडेराव आहेरांनी सरांना आपल्या खोलीत बोलावलं. टेबलावर एक अर्ज होता. अर्ज गोटीरामचा, पण भाषा कोंडाजी हवालदारांची. 'सदर शिक्षक इसम हा दि. मजकुरी स्वतःचे राहते घरी पंचांसमक्ष खाली या शब्दाचा रिकामी असा अर्थ करीत असता मिळून आला.'

"गांगुर्डे, हे काय आहे?" आहेर म्हणाले.

सरांनी सगळी हकिकत सांगितली. आहेरांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि मग म्हणाले, "पण संदूक तळघरातच असणार हो. मी पण तेच म्हणत होतो घरी."

त्या महिन्यात शाळेत पर्यवेक्षकाची जागा भरायची होती, आणि सरांचं नाव वर जाणार अशी स्टाफरूममध्ये कुजबुज होती. आहेरांनी अर्जावर आवक क्रमांक टाकला. एकदा क्रमांक पडला की त्या कागदाला उत्तर द्यावंच लागतं. "सोमवारपर्यंत लेखी खुलासा द्या," ते म्हणाले. "रविवारी शेवटचा भाग आहेच. त्यात काय ते स्पष्ट होईल. तुमच्या नावाची शिफारस तोवर थांबवतो. उगीच उद्या कुणी म्हणायला नको, की हिंदीच्या मास्तरालाच हिंदी येत नाही."

आता ही गोष्ट नुसत्या पेटीची राहिली नव्हती. हिंदीच्या मास्तरालाच हिंदी येत नाही. हे वाक्य सर दिवसभर डोक्यात घेऊन हिंडत होते. वडील गेल्याला नऊ वर्षं झाली होती, पण त्यांना काय वाटलं असतं, हा विचार सरांची पाठ सोडेना. मधल्या सुट्टीत ते लायब्ररीत गेले आणि त्यांनी शाळेतला एकुलता एक मोठा हिंदी शब्दकोश काढला. क होता, ग होता, मधली ख ची सगळी पानं कुणीतरी ब्लेडनं कापून नेली होती. सरांनी दबक्या आवाजात लायब्ररीच्या बाईंना विचारलं, हा कोश शेवटी कुणी नेला होता? बाईंनी रजिस्टर उघडून बघितलं. शेवटची सही सरांचीच होती, त्र्याऐंशी सालातली. त्यानंतर त्या शाळेत कुणाला हिंदी शब्दाचा अर्थ अडला नव्हता. बाईंनी रजिस्टर मिटलं आणि सरांकडे एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं.

तेव्हापासून सरांना प्रत्येकाचा संशय येऊ लागला. पानं कोंडाजींनी तर नाही ना कापली? पण ते शाळेत कशाला येतील? तरी शाळेचा शिपाई कोंडाजींच्याच गावचा होता. गणिताच्या शिक्षकांनाही पर्यवेक्षक व्हायचं होतं. घरी सुमनबाई गप्प गप्प होत्या. त्यांचा तरी कोणता पक्ष? सरांनी आडून आडून विचारलं, "तुला काय वाटतं गं, रिकामी की खाली?" त्या म्हणाल्या, "मला त्यातलं काहीच नाही वाटत." हे उत्तर सरांना फारच धूर्त वाटलं.

गुरुवारी त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, सिटी बसनं द्वारका चौक गाठला आणि तिथून चालत तार ऑफिसात गेले. मालिका करणाऱ्यांनाच विचारून टाकायचं. फॉर्मवर त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'धोंडू का संदूक खाली था या नीचे, कृपया तुरंत बताएँ. गांगुर्डे.'

खिडकीतल्या कारकुनानं मजकूर वाचला, मग पुन्हा वाचला. "धोंडू कोण?"

"वारला तो."

"कधी?"

"रविवारी. खून झाला."

कारकुनानं चष्मा काढला. "पोलिसांत कळवलंत?"

"पोलीस तिथंच होते. त्यांच्याच मांडीवर गेला."

"आणि संदुकीत काय होतं?"

"तेच तर विचारतोय. रिकामी होती की कसं."

कारकून उठून आत गेला आणि साहेबांना घेऊन आला. साहेबांनी सरांना नीट न्याहाळलं, फॉर्म वाचला आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. "म्हणजे तुम्ही पण बघता," ते म्हणाले. "अहो, पण तुमचे दोन्ही अर्थ चुकलेत. धोंडू मुंबईत वाढलेला माणूस. तो 'खाली-पीली' म्हणत होता. संदूक खालीपीली आहे, म्हणजे उगाच आहे, तिच्या नादी लागू नका. पीली म्हणायच्या आत जीव गेला बिचाऱ्याचा."

रांगेतल्या दोघांना हे पटलं. तिसऱ्याला पटलं नाही. त्याला मनमाडला जावयाला तार करायची होती, ती त्यानं तशीच खिशात ठेवली आणि तो वादात उतरला. अर्ध्या तासानं साहेब सरांना म्हणाले, "तुमची तार मृत्यूच्या तारेत घालतो. लवकर जाते. धोंडू वारलाच आहे, म्हणजे खोटंही नाही." सर सिडकोत परतले तेव्हा त्यांच्या आधी बातमी पोचली होती, आणि गल्लीत खालीपीलीवाल्यांचा तिसरा पक्ष निघाला होता. त्यात रिकामीवाल्यांची शेवटची दोन माणसं गेली. सरांच्या पक्षात आता एकटे सर उरले.

तारेचं उत्तर आलं नाही.

रविवारी नऊ वाजल्यापासूनच सरांच्या घरी पाय ठेवायला जागा राहिली नाही. दारात चपलांचा ढीग पडला. कोंडाजी हवालदार इस्त्रीचा सदरा घालून, वही-पेन्सिल घेऊन आले. गोटीराम झुंबरची उत्तरपत्रिका घडी करून घेऊन आला. साडेनऊला पाच कमी असताना आहेर मुख्याध्यापकही आले. "आमच्या टीव्हीचं चित्र सारखं वर सरकतं," ते म्हणाले, पण खिशात त्यांनी अर्ज आणलेला दिसत होता. त्यांना लोखंडी खुर्ची द्यावी लागली. सर पहिल्यांदाच आपल्या घरात खाली, सतरंजीवर बसले. सुमनबाई नेहमीच्या जागी, टीव्हीच्या पुढ्यात, मांडीवर लसणाचं ताट घेऊन.

त्या दिवशी सरांनी एकाही वाक्याचं भाषांतर केलं नाही. खोली इतकी शांत होती की लसणाची सालं पडलेली ऐकू यावीत.

इन्स्पेक्टरनं सगळ्यांना दिवाणखान्यात उभं केलं. "इस कोठी में तीन संदूक थे," तो म्हणाला. "एक लाल, एक हरा, एक काला." पडद्यावर तीन पेट्या दिसल्या, तिन्ही सारख्याच काळ्या. पेट्यांना रंग असतात आणि कुठंतरी लोकांना ते दिसत असतात, हे त्या खोलीत गोटीरामच्या चेष्टेपलीकडं कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. इन्स्पेक्टर एक पाऊल पुढं आला. "धोंडू ने मरते वक़्त मुझे बताया था. संदूक काली."

मग तो प्रसंग पुन्हा दाखवला. तीच मांडी, तोच खोकला. पण आता काय ऐकायचं ते ठाऊक होतं, आणि प्रत्येकाला स्वच्छ ऐकू आलं. संदूक काली.

"काला," सर पुटपुटले. वीस वर्षांची सवय होती, ती अशा वेळीही सुटली नाही.

त्यांच्या लक्षात सगळं एकदम आलं. धोंडू मराठी. त्याच्या घरी संदूक स्त्रीलिंगी. मरताना त्यानं झुंबरसारखीच चूक केली होती, आठवीतली मुलं करतात ती, सरांनी हजारदा लाल शाईनं खोडलेली. आणि ती चूक आहे म्हणूनच सरांच्या कानांनी ती आत येऊ दिली नव्हती. अशुद्ध शब्द ऐकण्यापेक्षा त्यांनी शुद्ध शब्द चुकीचा ऐकला होता. सतरंजीवर बसल्या बसल्या त्यांना स्वतःची लाज वाटली.

पुढं पडद्यावर माळ्यावरची काळी पेटी उघडली आणि आतल्या पुराव्यावरून कुणाला तरी बेड्या घातल्या. कुणाला, ते त्या खोलीत कुणीच नीट बघितलं नाही. सगळे सुमनबाईंकडे बघत होते. सुमनबाई लसूण सोलत होत्या.

पहिला बोलला तो गोटीराम. "सर, म्हणजे चुकीच्या हिंदीनंच खुनी सापडला की."

कोंडाजी हवालदारांनी वही मिटली. पेटी तळघरात नव्हती, माळ्यावर होती, हे त्यांनी पाहिलं होतं. "मयताच्या शब्दांत जबाब," ते उठता उठता म्हणाले, "एवढा माझा मुद्दा बरोबर होता." त्याला कुणी हरकत घेतली नाही.

सोमवारी सरांनी खुलासा दिला. तो शाळेच्या दप्तरात अजून असेल. 'मरणासन्न इसमाचा अल्पप्राण क हा प्राण जाण्याच्या धांदलीत महाप्राण ख झाल्याने माझ्या ऐकण्यात चूक झाली. व्याकरणात चूक झालेली नाही.' आहेरांनी तो दोनदा वाचला आणि अर्जावर लिहिलं, 'तक्रारीतील खाली हा शब्द मयताने उच्चारलेलाच नाही. सबब प्रकरण निकाली.' पर्यवेक्षकाची जागाही सरांनाच मिळाली. ती सेवाज्येष्ठतेनं भरायची होती आणि तिचा हिंदीशी कधी काही संबंधच नव्हता, हे आहेरांनी नंतर सांगितलं.

झुंबरच्या पेपरावर सरांनी 'लिंग!' हा शेरा तसाच ठेवला, पण कापलेला अर्धा मार्क परत दिला, आणि का दिला असं विचारल्यावर म्हणाले, "अर्थ पोचला." चौतीसचे साडेचौतीस झाले आणि शाळेच्या नियमाप्रमाणे साडेचौतीसचे पस्तीस.

या सगळ्यात एकच गोष्ट सरांना चैन पडू देईना. सुमनबाई काही बोलल्याच नाहीत. 'मी म्हणत होते ना' हे चार शब्द ऐकायची सरांनी मनाची तयारी केली होती. रविवार गेला, सोमवार गेला, मंगळवारी भाकरी वाढतानाही त्या फक्त "भाजी अजून देऊ का?" एवढंच म्हणाल्या. सरांना संशय आला की ही हे जपून ठेवतेय, पुढं कधीतरी मोठ्या कामाला काढील. शेवटी त्यांनीच विषय काढला.

"तुला कसं गं ऐकू आलं? एवढ्या शहरात कुणाला आलं नाही."

"माझ्या बाबांना दमा होता ना," सुमनबाई म्हणाल्या. "शेवटची तीन वर्षं मीच होते त्यांच्याजवळ. खोकल्यातून बोलायचे. काठी दे म्हणायचे तर खाठी ऐकू यायचं. मला सवय आहे."

सरांचा घास हातातच राहिला. सासऱ्यांना दमा होता हे त्यांना माहीत होतं. पण ते काय बोलायचे आणि ते कुणाला कळायचं, हे त्यांनी लग्नाला सतरा वर्षं झाली तरी कधी विचारलं नव्हतं.

"मग त्या दिवशी जोर धरून का नाही सांगितलंस?"

"तुम्ही म्हणालात, काली होऊच शकत नाही." त्यांनी ताटात भाजी वाढली. "माझं म्हणणं एवढंच होतं, की तो म्हणाला."

पुढच्या रविवारी साडेनऊला नवीन मालिका सुरू झाली. माणसं पुन्हा जमली, पोहे झाले. सर लोखंडी खुर्चीत बसले होते, पण खुर्ची त्यांनी जरा मागं घेतली होती. पडद्यावर एक शेठजी हात जोडून, डोळ्यांत पाणी आणून पोलिसांना काहीतरी सांगत होता. लांबलचक वाक्य होतं. ते संपलं आणि सवयीनं सगळ्यांनी सरांकडे बघितलं.

सरांनी सुमनबाईंकडे बघितलं. "काय म्हणाला गं तो?"

"मला कुठं हिंदी येतं?" सुमनबाई टीव्हीवरची नजर न काढता म्हणाल्या. "काय म्हणाला ते तुम्ही सांगा. पण खोटं बोलतोय तो."